पिटुकली उलटली तर

२ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सवयी आधी लावून घ्याव्यात, मोठेपण मागून येतं.

पिटुकलीला आणून आठवडा झाला. जेमतेम कमरेएवढी, पण काय रुबाब! अशा बुटक्या गाईची वासरं लोक हौसेने अंगणात पाळतात. प्लॅन सोपा आहे. गाय भरवायची, वासरू विकायचं, पुन्हा भरवायची. ऑफिसचा राजीनामा देऊन झालाय, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्नच नाही.

बायको म्हणते, प्रश्न आहे. दोनदा भरवा. गाभण नाही राहिली तर मुकाट्याने माझ्या भावाच्या टायरच्या दुकानात बसा. मी बेधडक हो म्हटलं.

४ मार्च, सकाळ
गोठा पूर्ण. स्वतः बांधला, गाईच्या मापाचा. दारही तिच्याच उंचीचं. किती विटा वाचल्या!

दुपार
पिटुकली हंबरतेय, चाऱ्याला तोंड लावत नाही. माजावर आली! डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. रांगत आत गेले. वीर्याची कांडी बुटक्या वळूचीच, मुद्दाम मागवलेली. भरवायला दोन मिनिटं, डॉक्टरांना बाहेर काढायला वीस.

जाताना म्हणाले, तीन आठवडे लक्ष ठेवा, उलटली तर लगेच कळवा.

उलटेल कशी? चांगली चार पायांवर उभी आहे. तरी विषाची परीक्षा नको. भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या.

१० मार्च
आता गोठ्यातच झोपतो. रात्री कलंडली तर धरायला कोणीतरी हवं. पाय लांब होत नाहीत. कडी बाहेरून आहे, हे बांधताना सुचलं नव्हतं. वाऱ्याने दार लागतं, कडी बसते. सकाळी बायको उघडते. हाका मारल्या की आधी भांडी घासून घेते.

१८ मार्च
एकदाही पडली नाही. म्हणजे गाभण! वासराला नाव सुचव म्हटलं तर बायको म्हणाली, टायर.

२५ मार्च
पिटुकली पुन्हा हंबरतेय, खात नाही. डोहाळे!

बायकोने परस्पर डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, उलटली. मी म्हटलं, अहो, उभी आहे की! तेव्हा त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. उलटली म्हणजे राहिली नाही, पुन्हा माजावर आली. मग विचारलं, गाद्या कशाला? थंडीसाठी, म्हटलं. घाम पुसत त्यांनी दुसरी कांडी भरली.

बायको पदर तोंडाला लावून बाहेर गेली. भावुक झाली असावी.

१५ एप्रिल
सकाळपासून हंबरतेय. मी म्हटलं, आवाज मोकळा करत असेल. नंतर गोठ्यात बसून तिच्या गळ्यात हात टाकला आणि म्हटलं, बाई गं, गप्प बस, माझ्यासाठी तरी. ती आणखी जोरात हंबरली. पाठीमागे वाऱ्याने कडी बसली.

बायकोला सगळं ऐकू गेलं होतं. या वेळी तिने डॉक्टरांना फोन केला नाही. भावाला केला.

१७ एप्रिल
दुकान. माझी खुर्ची टायरांच्या चळतींमध्ये आहे. उठायचं तर आधी चार टायर हलवावे लागतात. अर्थात हे तात्पुरतं आहे. तीन आठवड्यांनी बघू.

एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने मेहुण्याला विचारलं, हे तर नोकरी सोडून गाय पाळायला लागले होते ना? मेहुणा म्हणाला, हो, पण दाजी उलटले.

गिऱ्हाईक भला माणूस. टायरांवरून वाकून त्याने मला विचारलं, अरेरे, फार लागलं का?

मी म्हटलं, नाही, विशेष नाही.