करुणासाठी प्रार्थना विनंती

६ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळीच आमच्या चर्चमधली करुणा आली. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणाली. नवऱ्यानं, प्रवीणनं मारलं. तोच प्रवीण, उपासनेत डोळे मिटून गाणारा.
"काहून मारलं?"
"भाजीत मीठ जास्त झालं, मावशी."
मीठ! माझं डोकंच फिरलं. पाळकबाईंना, आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोला, बोलावून घेतलं. त्या रडल्या, अंगातलं स्वेटर काढून तिला दिलं. दोघींनी मिळून तिला अकोल्याच्या एसटीत बसवलं. माझी धाकटी बहीण शांता तिथे आहे. कुणाजवळ बोलायचं नाही असं ठरलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार
भगिनी मंडळाची प्रार्थना आज माझ्याकडे. प्रवीणची आई हजर. "सून माहेरी गेली." कुणी विचारलंही नव्हतं.
विनंत्या सुरू. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी. मग पाळकबाई. आमच्या बायकांना नाव-गाव घेतल्याशिवाय प्रार्थना पोचली असं वाटतच नाही. "प्रभू, अकोल्याला शांताबाईंच्या घरी असलेल्या आमच्या करुणाला आधार दे."
मी खाडकन डोळे उघडले. समोर प्रवीणच्या आईचेही उघडेच. तिचं आमेन सगळ्यांत मोठं.
नंतर पाळकबाईंना स्वयंपाकघरात नेऊन झापलं. म्हणाल्या, "अहो, मी माणसांशी कुठे बोलत होते? देवाशी बोलत होते." काय करावं या बाईचं! मनानं चांगली आहे, तेच वाईट.
शांताला फोन लावतेय. उचलत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
उशीर झाला. प्रवीण सकाळीच अकोल्याला पोचला. फाटकाशी उभा राहून भक्तिगीत म्हटलं. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. गल्ली गोळा झाली. शांता फोनवर रडत होती, "ताई, समदे म्हणून राहिले होते, किती भला माणूस हाये. आमचे हे बी म्हणे, जाऊ दे तिले."
करुणा उठली म्हणे. चपला घातल्या आणि निघाली. स्वेटर तिथेच राहिलं.
आज प्रार्थनेला बसले नाही. राग आहे. पाळकबाईंचा, शांताच्या नवऱ्याचा, आणि ज्याच्यावर रागावू नये त्याचाही.

११ फेब्रुवारी, रविवार
उपासना. करुणा नवरा आणि सासूच्या मधे. ओठ फुटलेला. पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. नेहमीच्या बायका उठल्या, बसल्या. मग करुणा उठली. सासूनं पदर ओढला, तरी उभीच.
"माह्यासाठी प्रार्थना करा. माहा नवरा मले मारते. परवा अकोल्याहून आणलं, अन् घरी आणून पुन्हा मारलं. त्याचं नाव प्रवीण. इथंच बसून हाये."
आमेन कुणी म्हणेना. पाळकबाई मान खाली घालून. मी म्हटलं, एकटीनंच, आवाज फाटला. करुणा बाकावरून निघाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.
आता माझ्या घरी, आतल्या खोलीत पडली आहे. कान दुखतोय. उद्या डॉक्टर, मग पोलीस ठाणं. ती येते म्हणाली.
आत्ताच पाळकसाहेबांचा निरोप आला. संध्याकाळी समेटाची प्रार्थना, तुमच्याच घरी. प्रवीण आणि त्याची आई सोबत येतील.
करुणानं विचारलं, "मावशी, दार उघडसान काय?"
"नाही," म्हटलं. कडी घातली आहे. पण पुढे पाळकबाई उभ्या असल्या आणि त्यांनी बाहेरूनच प्रार्थना सुरू केली, तर अकोल्यासारखी इथेही गल्ली गोळा होईल. तरी कडी काढायची नाही.