मोठ्या ॲम्प्लिफायरची परीक्षा

थोरल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? ताईंचा गुडघा? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, एक माझा जीव सोडला तर. तो गेल्या रविवारपासून टांगणीला लागला आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आमच्या घरात फोनवर कुजबुजलेलं आधी स्वयंपाकघरात ऐकू जातं. (घरात खरे तिखट कान कोणाचे, ते पुढे येईलच.)

हे वेड तुम्हीच लावलंत, हे विसरू नका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तुमचे हेडफोन माझ्या डोक्यावर चढवलेत, गाणारीने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास मला ऐकू आला आणि मी कामातून गेलो. आजवर तीन जोड्या झाल्या. पहिली बंद पाठीची: बाहेरचं काही ऐकू येत नाही, पण गाणारा बादलीत बसून गातो. दुसरी स्वस्त आणि खणखणीत: झांज वाजली की माझी दाढ ठणकते. तिसरी उघड्या पाठीची, जाळीची. तिच्यात आवाज मोकळा, ऐसपैस (आणि खोलीतलंही सगळं ऐकू येतं, हा तिचा दोष समजतात), पण तिला ताकद लागते. नुसत्या मोबाइलवर ती आजाऱ्यासारखी कण्हते. म्हणून ॲम्प्लिफायर आला. आधी छोटा, साबणाच्या वडीएवढा. बरा होता. या ‘बरा’नेच घात केला. मग आला मोठा, काचेच्या नळ्यांचा, छोट्याच्या नऊपट किमतीचा (आकडा ताईंना सांगू नका, बहिणी बहिणी बोलतात). त्याचा आवाज नऊपट चांगला आहे का, असं तुम्ही विचाराल. तेच तर घरातही विचारलं गेलं.

त्याचं असं झालं, की मोठा तापतो. त्याला चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा लागते, म्हणून आतल्या खोलीतलं टेबल त्याचं झालं आणि लेक गेली इस्त्रीच्या टेबलावर. तिची प्रवेशपरीक्षा महिन्यावर आली आहे आणि इस्त्रीचं टेबल एका पायाने लंगडं आहे. ती काही बोलली नाही. तिची आई बोलली. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो, ‘ही काच बरी की ही?’ असं विचारत, हे तुम्हाला माहीत आहे. मध्येच मी काच काढल्यासारखं करून तीच पुन्हा बसवतो आणि निम्मी माणसं छातीठोकपणे सांगतात, आता जास्त स्वच्छ दिसतंय! जेवताना मी त्यांच्या नकला करतो आणि आम्ही तिघं पोट धरून हसतो. तर तुमच्या मेहुणीचं म्हणणं असं, की आता कानाचा नंबर काढू. दहा फेऱ्या, डोळ्यांवर टॉवेल, वायर बदलणार ती, टिपून घेणार लेक. आठ बरोबर आल्या तर मोठा राहील. नाहीतर मोठा विकायचा आणि टेबल लेकीचं.

रविवारी दुपारी मला खुर्चीत बसवलं. दोन्हींचा आवाज सारखा लावून तिने खुणेच्या चिकटपट्ट्यासुद्धा मारल्या होत्या. साडूभाऊ, माझी पाचावर धारण बसली. दोन वर्षं मी या घरात ‘खर्जाला पोट आहे’, ‘स्वर मधाळ आहे’ अशी भाषणं ठोकली आहेत. ती सगळी आता दहा फेऱ्यांत वसूल होणार होती. पहिली फेरी: मधाळ वाटलं. मोठा, म्हणालो. दुसरी: तीही मधाळ! तरी छोटा, म्हणालो. टॉवेल नाकावर घसरला तरी हात लावायची चोरी. मायलेकींनी असा मौनाचा कट केला होता, की मला माझाच श्वास त्या गाणारीचा वाटायला लागला. दहावी फेरी झाली. लेकीने कागद आईकडे दिला असावा, कारण बराच वेळ नुसताच कागद वाजत होता. मग तुमची मेहुणी शांतपणे म्हणाली, “दहापैकी दहा.”

तर जिंकलो. मोठा टेबलावर दिमाखात बसला आहे. सगळ्यांना सांगा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. सगळ्यांना सांगू नका. मोठ्याला वायर जोडली की त्याचं पुढचं बटण दाबावं लागतं आणि ते ‘खट्’ वाजतं. छोट्याला बटणच नाही. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तो खट् मला स्वच्छ ऐकू येत होता. दहाही वेळा मी गाणं ऐकलंच नाही: खट् वाजला की मोठा, नाही वाजला की छोटा.

आ. ता. क. काल लेक इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारत होती. ती तिचीच रविवारची नोंद होती, ‘दहापैकी दहा’. मला फार लाज वाटली. तेव्हा मूळ विनंती अशी: येत्या रविवारी या, मोठा बघून वेडे व्हा आणि तो घेऊन जाण्याचा हट्ट धरा. मी खूप आढेवेढे घेईन, तिकडे लक्ष देऊ नका. माझं नाक शाबूत राहील आणि पोरीला टेबल मिळेल. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, तिच्या हाती लागू देणार नाही.

(निराळ्या अक्षरात) भाऊजी, सा. न. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, नेहमीसारखं. रविवारी नक्की या आणि हट्ट चांगला जोरात धरा. वायर दहाही वेळा छोट्यातच होती. मी नुसतं बटण दाबत होते, सहादा दाबलं, चारदा नाही. दुकानातली तीच काच पुन्हा. लेकीने कागदावर ‘दहापैकी चार’ लिहिलं होतं. पण ह्यांनी शाळेतल्या पोरासारखे गुडघे घट्ट धरलेले दिसले आणि आम्हा दोघींना ते वाचवेना, म्हणून तिने खोडून दहा केले. ह्यांना सांगू नका. पाकीट मी चिकटवते आहे.