कंबर बरी करून येऊ नकोस

आमच्या चिमणाबाईस शिवाजी पेठेतून थोरल्या आक्काचे अनेक आशीर्वाद. चंदगडच्या पावसात तुम्ही सगळी कोरडी असाल असं धरून चालते. तुझी कंबर अजून धरलेली आहे ना? असू दे, घाईनं काही लावू नकोस. पत्र नात वर्षाराणी लिहिते आहे. ती माझ्या 'हाय'चं 'आहे' करते. करू दे, शिकलेली आहे.

ही सांध्या-मणक्यांची डॉक्टरीण झाली, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून आता नुसत्या हातानं दुखणं काढायचा वर्ग लावलाय. गोळी नाही, मशीन नाही, अंगठ्यानं एकेक मणका चाचपायचा. घरातली सगळी माणसं पालथी पाडून झाली. दाबता दाबता विचारते, "आज्जी, दुखणं दहापैकी किती?" मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि आता दुखण्याला मार्क द्यायचे. (मी सगळे मणके पास केले.)

परीक्षेला दुखणारा माणूस ज्याचा त्यानं न्यायचा होता. नेमकी गल्लीतल्या बाळासोच्या कमरेत उसण भरली. तालमीतला गडी, पण पाटासारखा ताठ झालेला. वर्षाराणीनं त्याला नवरदेवासारखा जपला. परीक्षेच्या सकाळी ती आत आवरत होती आणि हा उंबऱ्याशी कण्हत उभा. आता तुला ठाऊकच आहे, मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. पायाळूचा पाय लागला की उसण जाते, म्हणून पेठ माझ्याकडंच पाठ घेऊन येते. समोर पाठ दिसली आणि माझा पाय उठला. तीनदा हळूच लावला. (चौथ्यांदा जरा जोरात, तो आमच्या दारात गाडी लावतो म्हणून.)

बाळासो तिथंच वाकून चप्पल शोधायला लागला. "आक्का, गेली की ओ." वर्षाराणी बाहेर आली ती रडकुंडीला. "आज्जी, माझा पेशंट बरा केलास?" डॉक्टरणीच्या घरात असला आरोप कुणावर झाला नसेल. तरी त्याला कण्हायला शिकवून धाडला. परीक्षेच्या बाईंनी वाकायला सांगितलं, तर यानं दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि वर विचारलं, "बैठका बी मारू व्हय?" पुढच्या गुरुवारी नवा माणूस घेऊन या, नाहीतर वर्ष गेलं, असं बाईंनी वर्षाराणीला बजावलं.

त्यासाठी नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझी आक्का (अंगठा माझाच आहे)

ता.क. बुधवारच्या एस्टीनं ये. मागच्या सीटवर बस, खड्डे चांगले बसतात. वाटेत कुणी पायाळू भेटला तर त्याच्याकडं पाठ करू नकोस. इथं मी मांडी घालून बसेन.

आणखी एक. वर्षाराणी म्हणत होती, आज्जी, तूच चल परीक्षेला. मी म्हटलं, घरचं माणूस बरं दिसत नाही. खरं असं की, ती चौथी लाथ मारताना माझ्याच पाठीत उसण भरली. स्वतःच्या पाठीला पाय पोचत नाही. मग या पोरीनं पालथं घालून अंगठ्यानं दाबलं आणि उसण गेली. मी तिला 'काही फरक नाही' म्हणाले होते; आता लिहिताना तिला कळलं. (हसू नकोस गं, लिही.) दहापैकी शून्य. पेठेत मात्र बोलू नकोस. उद्या दोघंजण पाठ घेऊन यायचे आहेत.