चार पिस्टन, चार गावचे

प्रिय भास्कर,

जय भीम. दुकानाचं शटर अर्धं ओढून शिलाई मशीनवरच कागद ठेवलाय आणि लिहितोय. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे बोलले. सरपंच बोलले, आणि ज्याच्याशी तू चार-पाच वर्षं बोलत नव्हतास तो तुझा साडूसुद्धा बोलला. मला म्हणाले, रावसाहेब, दोन शब्द बोला. माझ्याच्यानं उठवलंच नाही. आज मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. आपली जीप चालू झाली बे! आणि ज्याला पहिल्यांदा सांगायचं तोच नाही, याला काय म्हणावं?

खरं सांगू? मला ती चालू करायचीच नव्हती. तू गेल्यापासून ती माझ्या दुकानाशेजारी लिंबाखाली उभी होती. पाखरांनी टपाची पार दशा करून टाकली, मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. भंगारवाला दर बाजाराला यायचा आणि टायरला एक लाथ मारून जायचा. मीही मनाशी ठरवलं होतं, देऊन टाकू, अर्धे वहिनींना, अर्धे मला, की झालो मोकळे. थकलोय मी, भास्कर. इतकी वर्षं तू ती तेलगाव-माजलगाव चालवलीस, आणि मी काय केलं? तिच्या सीटा शिवल्या, ताडपत्र्या ठोकल्या आणि तू पॅसेंजरशी केलेली भांडणं मिटवली. भागीदारी म्हणे!

मग एके दिवशी तुझी लेक शीतल दुकानात आली. मला वाटलं, भंगाराचं विचारायला आली असेल. ती म्हणाली, "काका, गाडी मला पाह्यजे. मी चालवणार हाय."

तूच तिला कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकवलीस ना, घरात कुणाला न सांगता? मग आता भोग म्हणावं! पण तिचं म्हणणं ऐकल्यावर मला नाही म्हणता येईना. वस्तीतल्या आठ-दहा पोरी दहावी झाल्या आणि घरी बसल्या. माजलगावला कॉलेज आहे, पण सकाळची एसटी भरून येते, थांबतच नाही, आणि परतीची कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. शीतल नेणार-आणणार असेल तर पाठवतो, असं त्यांचे आईबाप तिला म्हणाले होते. त्यांतल्या एका बापानं, बळीरामनं, अट घातली. पोरी आत असताना गाडी एकदा जरी दिवस मावळता रस्त्यात बंद पडली, तर दुसऱ्या दिवसापासून एकही पोर घराबाहेर पडायची नाही. त्याचं तरी काय चुकलं? आपल्या गाडीची कीर्ती त्याला माहीत नाही होय?

म्हणजे कॉलेज उघडायच्या आत इंजिन नुसतं चालू करायचं नव्हतं, भरवशाचं करायचं होतं. हाताशी काय, तर शीतलनं मेडिकलच्या दुकानात नोकरी करून साठवलेलं थोडं, माझं त्याहून थोडं. नवं इंजिन तर सोडच, चांगलं जुनं घ्यायचीही ऐपत नव्हती.

ट्रॅक्टरला बांधून गाडी सत्तारभाईच्या गॅरेजला नेली. त्यानं इंजिन खोललं आणि पिस्टन माझ्यापुढं ओळीत मांडले. चार पिस्टन, चार गावचे! एक माजलगावच्या भंगारातला, एक परळीचा, एक गेवराईचा आणि एक अंबाजोगाईहून तू एसटीच्या टपावर टाकून आणलेला. मला एकेक आठवत होता. तुझा कायदाच होता तो, मेलं तेच बदलायचं. शेजारचं मरायला टेकलेलं असलं तरी त्याला हात लावायचा नाही. त्याची पाळी आली की बघू.

तुझ्या या कायद्यानं गाडी डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायची, आणि मागचा मोटारसायकलवाला तोंडाला रुमाल बांधूनच चालवायचा. तू म्हणायचास, धूर निघतो म्हणजे जिवंत हाय.

क्रँकच्या दांड्याची बेअरिंगं काढली तर एकाच्या पाठीमागं पत्र्याची पातळ पट्टी निघाली. ढिलं झालेलं बेअरिंग घट्ट बसावं म्हणून तू कात्रीनं कापून घातलेली. वरची गुलाबाची फुलं अजून शाबूत होती. घामोळ्याच्या पावडरीचा डबा, बरोबर? तो डबा शेजारणीनंच नेला म्हणून वहिनींनी तिच्याशी दोन उन्हाळे अबोला धरला होता रे! तू खाटेवर बसून दोघींचं ऐकत होतास आणि वर मलाच म्हणालास, बायकांचं काय ध्यानात घ्यायचं! लाज वाटली नाही?

मी हसलो, पण फार वेळ नाही. कारण मग मला ते तुझे शेवटचे दोन महिने आठवले. छातीत कळ आली की सोड्याची बाटली, जास्तच आली की गॅसची गोळी. बीडला दाखवून ये म्हटलं की तू काय म्हणायचास? "चालू हाय न्हवं? मग कावून खोलायचं?" स्वतःलाही तू हाच कायदा लावलास, भास्कर. मला तुझा राग येतो. वर्ष झालं तरी येतो.

आणि तरी बघ, माझीही अक्कल त्याच वाटेनं गेली. सत्तारभाईनं सगळं बघून सांगितलं की क्रँक झिजून अंडाकृती झालीय आणि एक सिलिंडर पार ओरबाडलंय. दोन्ही कामं करायची तर आपलं भागत नव्हतं. मी म्हणालो, सिलिंडरचं करू, आणि क्रँकला भास्कर करायचा तसंच करू, पत्रा घालू. दुकानात जाऊन एक डबा शोधून आणला, कात्री माझ्याकडं होतीच. तिथंच बसून मी पट्टी कापायला लागलो. सीटा कापायचा हात माझा, चांगली सरळ कापत होतो.

शीतलनं माझ्या हातातून कात्री काढून घेतली. रागानं नाही, पोराच्या हातातून घ्यावी तशी.

"काका, पप्पांचं चाललं, कारण पप्पा खाली उतरून गाडीखाली शिरायचे. मी पोरींना रस्त्यावर हुबं करून गाडीखाली शिरू का?"

सत्तारभाई उगीचच पाना पुसत बसला. शीतल म्हणाली, क्रँक मिळंस्तोवर गाडी अशीच उघडी राहू द्या, कॉलेज उघडलं तर उघडलं. कुणावर गेलीय ही? तुझ्यावर तर नक्कीच नाही.

मग आमचा फिरस्तीचा धंदा सुरू झाला. उन्हानं कपाळ फुटायची वेळ, आणि मी या वयात माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, पुढं तुझी पोरगी! गेवराई झालं, माजलगावची भंगाराची दुकानं झाली. सगळीकडं आपल्यापेक्षा वाईट माल. एकजण तर म्हणाला, तुमचीच मला विका. शेवटी धर्मापुरीला एका शेतकऱ्याकडं पत्ता लागला. त्यानं जीपचं इंजिन विहिरीवर पंपाला जोडलं होतं. पोराला बसवून तो लग्नाला गेला, पोरगं झोपलं, इंजिनातलं पाणी संपलं आणि ब्लॉकला हातभर चीर पडली. बाकी इंजिन मेलं होतं, पण क्रँक कंपनीतून आलेली तशीच होती. सत्तारभाईनं फोनवरून सांगितलं तसं मी तिच्यावरून नख फिरवून बघितलं. कुठंच अडकलं नाही.

शेतकरी पैशाला अडून बसला. भंगाराच्या भावानं द्यायला तयार नव्हता, आणि त्याचा भाव आम्हाला झेपत नव्हता. एवढ्यात मला त्याच्या कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री दिसली, तिची नुसती चाळण झालेली. मी म्हणालो, पाहुणे, पावसाच्या आत दोन नव्या शिवून देतो, कडांना दोरी आणि कड्या घालून, कापड तेवढं तुमचं. त्यानं चहा सांगितला तेव्हाच मला कळलं की जमलं. त्या दोन ताडपत्र्या शिवताना माझ्या बोटांची जी सालं निघाली, ती तुझ्या नावावर मांड.

पुढचं काम सांगतो, तुला गोड वाटेल. ओरबाडलेल्या सिलिंडरला लेथवाल्याकडून आतून नवी नळी, स्लीव्ह, बसवली. त्यात पिस्टन नवा घातला. तुझे तीन गावचे तीन पिस्टन सत्तारभाईनं तासभर मापून, 'चालतील' म्हणून परत घातले, पण रिंगा सगळ्यांना नव्या, बेअरिंगंही सगळी नवी. व्हॉल्व्ह घासायचं काम शीतलनं केलं. व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरून घुसळायची, रवी फिरवावी तशी, आणि पुसून बघायचं. सगळीकडं सारखी करडी कड उमटेपर्यंत पुन्हा तेच. तिचे खांदे भरून यायचे. मी म्हणायचो, बस झालं. ती म्हणायची, हितं फटीतनं अजून उजेड दिसतोय.

कॉलेज उघडून आठवडा झाला होता, आणि आज दुपारी गाडी चालू झाली. धूर नाही रे! सत्तारभाईनं धुराड्यापाशी पांढरा रुमाल धरला आणि आम्हाला दाखवला. मला मात्र आनंद नाही, नुसता थकवा. टायरवर बसून राहिलो.

सत्तारभाईनं शीतलला बजावलं, पहिले हजार किलोमीटर हळू घ्यायची, इंजिनाला अंगवळणी पडू द्यायचं. ती मला घेऊन घराकडं निघाली. मागून ट्रॅक्टरवाले बोंब मारत होते, पण तिनं वेग वाढवला नाही. वस्तीत शिरलो, तुझ्या दारात गाडी उभी केली. वाटलं, वहिनी पळत बाहेर येतील. कुणीच आलं नाही. इंजिन चालू ठेवून आम्ही बसून राहिलो. शेवटी मी आत गेलो. वहिनी मिरच्यांची देठं काढत होत्या.

म्हणाल्या, "पडली न्हवं बंद वाटंत? शीतल कुठं हाय?"

म्हटलं, वहिनी, दारात उभी आहे. चालूच आहे.

त्या बाहेर आल्या. बॉनेटवर हात ठेवला. इंजिनाची थरथर हाताला लागली असणार, कारण त्यांनी हात काढला नाही.

"भावजी, त्यांची गाडी वढ्याच्या पुलावर आली की मला हितं कळायचं. त्या खडखडीवर मी तवा ठिवायची. वर्षभर वाटलं, गाडी नीट झाली की येक डाव तरी त्यो आवाज ऐकू यील."

भास्कर, आम्ही तुझा आवाज दुरुस्त करून टाकला रे. सगळं मापून, घासून, नवं घालून, त्या घरातून तुझं येणंच काढून टाकलं. आम्हाला कुणाला सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी काय केलं असतं? पोरींसाठी ते करावंच लागलं असतं. मला तिथं उभं राहवेना.

मग शीतलनं आईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. पुढच्या सीटवर! तुझ्या राज्यात ती जागा कायम विकलेली असायची, वहिनी आपल्या मागं पिशव्यांत. फाट्यापर्यंत जाऊन आल्या दोघी. उतरल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, बळीरामला सांग, उद्यापास्नं पोरीला तयार ठिव.

येताना मी शीतलला सांगून आलोय, संध्याकाळी पुलावर आलीस की हॉर्न द्यायचा, लांबलचक, घरापर्यंत ऐकू जाईल असा. ती म्हणाली, काका, हॉर्न कुठं चालू हाय? खरंच की! आपल्या गाडीचं हॉर्न सोडून सगळं वाजायचं. तेव्हा आत्ता हे लिहून झालं की तेच काम आहे. वायर, बटण, भोंगा, सगळं नवं घालतो. आणि तुला शब्द देतो, मी आहे तोवर तो हॉर्न एक दिवस बंद पडू देणार नाही. उद्या दिवस मावळता वहिनी तवा ठेवतील.

तुझा अर्धा भागीदार,
रावसाहेब