मेल उघडलं, ताई

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. माझं मेल उघडलं. तू म्हणाली होतीस, सोड आता, तुझ्याच्याने नाही व्हायचं ते. नऊ दिवस लागले, पण झालं.

धुलाई कारखान्यातून मला घरी बसवलं त्या दिवशी कंपनीचा फोनही काढून घेतला. ऑफिसात तुझ्याच टेबलावर ठेवला मी तो. तेव्हा डोक्यात आलं नाही की दुसरीकडून मेल उघडायला गेलं की मेलची साइट खात्रीसाठी त्याच नंबरावर आकडे पाठवते. आकडे न मागता ती ओळखते तो फक्त घरातला हा म्हातारा संगणक, आणि त्याच्यावर साइटचं नवं पान उघडतच नाही. पांढरं फटक. माझ्या तक्रारी सगळ्या तिथेच अडकलेल्या. मोठ्या यंत्राच्या दाराचं कुलूप लागत नाही, ड्रम फिरताना दार उघडतं, असं मी तीनदा कळवलं होतं. तक्रारी तुझ्याकडे येतात, आणि कंपनी म्हणते एकही आली नाही. म्हणजे अपघाताला यंत्रं तपासणारी मीच दोषी.

मग संगणकातला जुना मेल प्रोग्राम काढला. त्याला ॲड-ऑन जोडता येतात, परीक्षेतल्या पुरवण्यांसारखे. ते साइटवरून टपाल उचलून घरी आणतात. दोन लागतात, एक सगळ्या साइटींसाठी, दुसरा खास आपल्या साइटचा. जोडले, तर म्हणे पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बरोबर होता. मग यंत्र अडलं की करते तेच केलं, सगळं बंद करून एकेक चालू करत गेले. शेजारचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, नवा संगणक घ्या." मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या." सातव्या दिवशी सापडलं. पहिला ॲड-ऑन नवा, दुसरा चार वर्षांपूर्वीचा, दोघांचं पटत नव्हतं. दुसऱ्याची नवी आवृत्ती बसवली आणि टपाल यायला लागलं, पण नुसतं न वाचलेलं. आणखी दोन दिवस सेटिंगं धुंडाळली. वाचलेलं, पाठवलेलं, स्पॅम, असे तीन चौकोन रिकामे होते. तिन्हींवर खूण केली.

माझ्या तिन्ही तक्रारी आल्या, तारखांसकट. ड्रमवरच्या बाईची दोन बोटं गेली, त्याच्या आधीच्या.

आणि स्पॅममधून तुझं उत्तर आलं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. "मिळालं. साहेबांना दाखवलं. कामाची गर्दी ओसरू दे म्हणतात. तू परत लिहू नकोस, नोकरी जाईल तुझी." माझ्या काळजीने लिहिलंस, कळतं मला. पण चौकशीत साहेबांशेजारी बसून 'काही आलं नव्हतं' म्हणालीस, तेही तूच.

सोमवारी पुन्हा चौकशी आहे. चारही पत्रं छापून घेतलीत, एक प्रत त्या बाईच्या डाव्या हातात देऊन आले. आता मागे घेणार नाही, तू रडलीस तरी आणि माझ्याशी बोलणं टाकलंस तरी. मला साडेदहाला बोलावलंय. तू दहाला ये आणि खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग, म्हणून हे पत्र. नाही आलीस, तर तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझीच,
धाकटी