शैलाचं नाव घेतलं

रविवार, लातूर

भाची ऋतुजा क्लाससाठी माझ्याकडे राहते. आज सुट्टी, म्हणून दोघी तिच्या मोबाईलवर एक मालिका बघत बसलो. त्यातली बारावीची मुलगी आपल्या मैत्रिणीच्या प्रेमात पडते आणि स्वतःलाच घाबरते. शेंगा फोडता फोडता माझे हात कधी थांबले, कळलंच नाही.

भाग संपल्यावर ऋतुजानं विचारलं, "आत्या, तुला कुणी आवडलं न्हाई का गं कधी?"

"आवडलं की."

"नाव काय होतं तिचं?"

तिचं. त्याचं नव्हे, तिचं! घरच्यांनी एवढी स्थळं आणली, पण हे कुणाच्या मनातही आलं नाही. पोरीच्या तोंडी मालिकेमुळे आलं, की ती आधीपासूनच ओळखून होती? विचारावंसं वाटलं, पण राहू दिलं.

"शैला," मी म्हणाले.

"लई गोड नाव हाय. दिसायला कशी होती?"

मग काय, सांगतच बसले. उमरीचं कॉलेज, तिची सायकल, तिचं खळखळून हसणं, तिच्या लग्नात मी वाढलेल्या पंगती. तिथं थोडं रडूही आलं. स्वयंपाक तसाच राहिला, शेवटी चहा-पोळीवर भागवलं. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, तरी एकदाही आवाज खाली केला नाही मी.