ट्रंकेचं कुलूप आणि खाणीचा डोंगर

बाबा, आज सकाळी ट्रंक उघडताना तिचं जुनं पितळी कुलूप हातात आलं आणि कळव्यापलीकडचा तो खाणीचा डोंगर आठवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या कुलपाचं वजन हाताला लागलं की तुम्ही दारात उभे आहात, चपलांना लाल चिखल लागलाय आणि आई आतून ओरडतेय, "चपला बाहेर!" असंच वाटतं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. जिकडेतिकडे रस्ते नि इमारती निघत होत्या, आणि त्यांना लागणारा दगड काढून त्या खाणीचा ठेकेदार केव्हाच निघून गेला होता. मागे उरला भलामोठा खड्डा आणि उतारावर टाकून दिलेला मुरूम. पायथ्याला आगरी वस्ती, तिची भातखाचरं आणि एकुलती एक विहीर. दर पावसाळ्यात तो मुरूम खाली येई. कचेरीने तो थोपवायचं काम तुमच्या, म्हणजे एका ओव्हरसियरच्या गळ्यात घातलं. पहिल्या वर्षी तुम्ही नि वस्तीतल्या लोकांनी मिळून जे केलं, ते भात लावणारी माणसंच करतील. खाचराला घालतात तसा पायथ्याशी जाडजूड बांध घातला. पण खाचरात पाणी कोंडायचंच असतं, इथे पाण्याबरोबर अख्खा उतार येत होता. आषाढात बांध फुटला, खाचरं गाळाने भरली आणि विहिरीचा नुसता चिखल झाला. दिवाळीनंतर तुम्ही पुन्हा वस्तीत गेलात तेव्हा मी बरोबर होते. एक म्हातारी पुढे आली. शिव्या नाही दिल्या तिने, एवढंच विचारलं, "सायेब, अवंदा तरी साफ पानी मिलंल ना आमाला?" तुम्ही मान खाली घातलीत. मला तिचा भयंकर राग आला, आणि राग यावा असं ती काहीच बोलली नव्हती.

घरी आलात ते थेट स्वयंपाकघरात, आणि आईकडे कपडे वाळत घालायच्या काठ्या मागितल्यात. दोन काठ्या वर एकत्र बांधून खाली फाकवल्या, मध्ये एक आडवी बांधली, आणि शेंड्यावरून सुतळीला लोंबत सोडायला जड काही हवं म्हणून ट्रंकेचं कुलूप काढलंत. "मग ट्रंक काय उघडी टाकू?" आई कडाडली. "चोर आला तर सांग, डोंगराचं काम उरकलं की ये," तुम्ही म्हणालात. आई हसली नाही, पण काठ्या परत मागितल्या नाहीत.

तो तुमचा ओळंबा. काठ्यांच्या त्या घोड्याचे दोन पाय उतारावर टेकवायचे, सुतळी आडव्या काठीच्या मधोमध केलेल्या खुणेशी स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची चिमूट टाकायची आणि पुढे सरकायचं. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मी एक पाय धरायची, तुम्ही दुसरा. वाऱ्याने कुलूप झोके घेत राहिलं की तुम्ही त्याच्यावरही डाफरायचात. हळूहळू उजाड उतारावर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या, एकीखाली एक. त्या रेघांवर वस्तीने चर खणले, त्यांच्या खालच्या काठाला गवताचे ठोंब लावले आणि प्रत्येक चराचं टोक किंचित उतरतं करून जुन्या खड्ड्याकडे वळवलं. "पाणी अडवायचं नाही गं," तुम्ही म्हणालात, "त्याला दमवायचं."

आणि मग श्रावणातला तो दिवस. पाऊस लागून राहिलेला, आत्ता कुठे उघडलाय. आपण दोघं चढतोय. वळणावर येतो आणि मी जागच्या जागी थांबते. चर काठोकाठ भरलेत, पण पाणी धावत नाहीये. आडवं, सावकाश, गवताला टेकत टेकत खड्ड्याकडे निघालंय. गेल्या वर्षी मुरूम सुटला त्याच उतारावर आभाळाचे लांबच लांब पट्टे पडलेत, आई ओली धोतरं पसरायची तसे. एवढ्या थोरल्या डोंगराने आपल्या ट्रंकेच्या कुलपाचं ऐकलं होतं! बाबा, त्यानंतर मी पुष्कळ देवळं पाहिली, पण तशी थक्क पुन्हा कुठे झाले नाही.

खाली विहिरीवर तीच म्हातारी पोहरा ओढत होती. तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात, हात मागे घट्ट बांधून. "तळ दिसतोय का गं पोहऱ्याचा?" तुमचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "दिसतोय, बाबा."

हे पत्र ट्रंकेत ठेवते आहे. एक मात्र सांगायचं राहिलं होतं. मी 'दिसतोय' म्हटलं तेव्हा पोहरा अजून वर आलाच नव्हता. तुमची ती पाठ मला बघवेना. मग पोहरा काठावर टेकला, मी जीव मुठीत धरून वाकले, आणि पाण्यातून तळाच्या भोकाला दिलेला डाग लख्ख दिसत होता.